कडी कुठल्या बाजूला होती

ताई,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लेख मागितला गेला, तेव्हा संपादकांना तुझ्या पदव्या, तुझी पुस्तके, विद्यापीठातली तुझी वर्षे अशी माहिती हवी होती. ती मी वेगळी पाठवली आहे. ती छापून येईल आणि ती खरीही असेल. पण तुझ्याशी बोलायचे जे राहून गेले, ते त्या माहितीत कुठेच बसेना. म्हणून हे दुसरे लिहितो आहे. तू समोर असतीस तर माझ्या पहिल्याच वाक्यावर भुवई उंचावून म्हणाली असतीस, "श्री, प्रस्तावना पुरे. काय झालं ते सांग." तुझ्याइतके सरळ बोलणे मला कधी जमले नाही. आजही ते वळणे घेत घेतच येणार आहे. सांभाळून घे.

तुझे काम नेमके काय, हे मी कित्येक वर्षे लोकांना चुकीचे सांगत आलो. "ताई कायद्याची प्राध्यापक आहे," असे म्हणून मोकळा होत असे. मग तू त्या माणसासमोरच मला दुरुस्त करायचीस. कायदा नव्हे, मानसशास्त्र. खटला नव्हे, खटला ऐकणारी माणसे. बारा साधी माणसे, कुणी बसचालक, कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त प्लंबर, एका टेबलाभोवती बसतात आणि एका अनोळखी माणसाने आपल्या लहानपणाबद्दल जे सांगितले ते खरे मानायचे की नाही, हे ठरवतात. ते कसे ठरवतात, हा तुझा विषय. खऱ्या ज्यूरीच्या खोलीत तुला कधीच जाता येणार नव्हते. म्हणून तू विद्यापीठातल्या एका वर्गात तशी खोली मांडायचीस, नटांकडून साक्षी वदवून घ्यायचीस आणि काचेपलीकडे बसून त्या बारा जणांचे बोलणे ऐकायचीस. "रडली नाही तर खोटी, फार रडली तर नाटकी," तू म्हणायचीस. "माणसांना साक्षीदार हवा असतो तो बेतानं रडणारा."

मी या देशात आलो तो तुझे बोट धरून. पहिली नोकरी 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या दूधभुकटीच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, मुक्काम तुझ्या हॅमिल्टनच्या घरी. कामावरून आलो की कपड्यांना तापल्या दुधाचा वास असायचा, आणि तू दारातच म्हणायचीस, "आले बघा बासुंदीवाले." सुती साडीवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या 'डेअरी' म्हणवणाऱ्या किराणा दुकानातून ब्रेड आणणारी सबंध हॅमिल्टनमधली तू एकटीच असशील. जेवताना तू मला साक्षी वाचून दाखवायचीस; नटांच्या हाती देण्याआधी त्या माझ्यावर तपासून पाहायचीस. "ऐक आणि सांग, विश्वास बसतो का?" मी बहुतेक वेळा नाही म्हणायचो. कारण विचारलेस की माझे उत्तर ठरलेले असे: बाई मागेपुढे बोलते आहे, आधी दिवाळी सांगते आणि मग उन्हाळा, खरे असते तर ओळीने सांगितले असते. तू वाद घालायची नाहीस. "बरं," एवढेच म्हणून आमटी वाढायचीस. तुझ्या त्या "बरं"मध्ये किती काही मागे ठेवलेले असे, हे कळायला मला फार वर्षे लागली.

आपल्या घरात एक गोष्ट होती, आणि ती सांगणारा मी होतो. बाबा गेल्यावर आई नर्सिंग शिकायला मिरजेला गेली आणि आपण दोघे काकांकडे राहिलो. साखर कारखान्याच्या वसाहतीत, रांगेतल्या शेवटच्या घरात. मी सहा-सात वर्षांचा असेन, तू अकरा-बारा. मागच्या अंगणात पत्र्याच्या दाराची न्हाणी होती. तू आत असायचीस आणि मी बाहेर, दगडी पायरीवर. आतून तू पाढे म्हणायचीस आणि बाहेरून मी. तुझा आवाज त्या पत्र्यात घुमायचा. मला वाटायचे, देवळाच्या गाभाऱ्यातून कुणी बोलते आहे. तेराच्या पाढ्यात तू हमखास अडखळायचीस, मी मोठ्याने दुरुस्त करायचो, "तेरा सक अठ्ठ्याहत्तर!", आणि आतून तू म्हणायचीस, "शाब्बास." माझ्या लहानपणातली ही सर्वांत आनंदाची आठवण. लग्नात, वाढदिवसांना, इथल्या मित्रांच्या जेवणावळींत मी ती किती वेळा सांगितली असेल! "माझे पाढे न्हाणीच्या दारातून पाठ झालेत," असे म्हटले की लोक हसायचे. तूही हसायचीस. निदान तुझ्या चेहऱ्याकडे पाहून मी तशी समजूत करून घेतली होती.

काही वर्षांपूर्वी दिवाळीला तू वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिलच्या माझ्या घरी आली होतीस. आईही होतीच, ती आता बहुतेक इथेच असते. पानावर बसलो आणि माझ्या लेकीने, सईने, मित्राला आणले होते म्हणून मी पुन्हा ती गोष्ट सुरू केली. सगळे हसले. सई मात्र हसली नाही. तुला माहीत आहे, तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर इंग्रजीतच येते. ती म्हणाली, "बट बाबा, व्हाय वॉज आत्या इन द बाथरूम द होल टाइम?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

आई चटकन म्हणाली, "अगं, खेळ असायचा तो त्यांचा. लपाछपीचा."

तू ताटातल्या भाताचा घास हातात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलेस. मोठ्या शांतपणे विचारलेस, "कडी कुठल्या बाजूला होती, श्री?"

"आतून," मी म्हणालो. "तूच तर लावून घ्यायचीस."

"बरं," तू म्हणालीस, आणि सईच्या मित्राला अनारसा वाढलास.

तुझ्या विद्यार्थ्यांना तू एक नियम घोटून शिकवायचीस, तो मला ठाऊक होता. साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालायचे नाही. "दार बंद होतं ना?" असे विचारायचे नाही, "दाराबद्दल सांगा" असे म्हणायचे आणि गप्प बसायचे. कितीही वेळ लागला तरी गप्प बसायचे. त्या दिवशी तू मला प्रश्न विचारलास, पण उत्तर सुचवले नाहीस. मी चुकीचे उत्तर दिले तरी ते उचलून बाजूला ठेवलेस, जसे तू काचेपलीकडच्या माणसांचे ठेवत असशील. तुझी बहीण म्हणून असलेली गरज तू तुझ्या शिस्तीखाली झाकलीस. मला ते दिसले होते का? थोडे दिसले होते, ताई. म्हणूनच मी घाईघाईने चहा ठेवायला उठलो.

पुढच्या जानेवारीत मी हॅमिल्टनला आलो आणि आपण सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांतून भाजणी, पोहे, आईची सुपारी असे सामान आणायला निघालो. गाडी मी चालवत होतो. तू बाजूच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होतीस. तुझ्या एका नव्या साक्षीवरून आपले सुरू झाले.

"क्रमानं सांगता येत नसेल तर ज्यूरीनं विश्वास तरी कसा ठेवायचा?" मी नेहमीचे म्हटले.

"श्री, पाठ केलेलं क्रमानं येतं. घडलेलं येत नाही."

"सोयीचं आहे हे."

"सोयीचं?" तू हसलीस. "कुणाच्या सोयीचं, ते सांग बघू."

मग बराच वेळ तू खिडकीबाहेरच्या गाई बघत राहिलीस. आणि काहीही प्रस्तावना न करता म्हणालीस, "मला त्या न्हाणीच्या कडीचा आवाज आठवतो. बाहेरून लागल्याचा. पुढंमागं काय झालं ते नाही सांगता येणार. कुठल्या महिन्यात, किती वेळा, तेही नाही. आवाज मात्र आठवतो. तुला?"

"आठवत नाही."

"आठवत नाही की आठववत नाही?"

तू मला एकदा सांगितले होतेस, की या एका 'व'साठी तुझ्या इंग्रजी बोलणाऱ्या सहकाऱ्यांना सबंध वाक्य खर्ची घालावे लागते. आपल्याकडे सांगवत नाही, बघवत नाही, खाववत नाही. देह आणि मन मिळून नकार देतात तो एका अक्षरात मावतो. तू वर्गात ते फळ्यावर लिहून दाखवायचीस. पण गाडीत तो प्रश्न माझ्याकडे आला तेव्हा मला तो आरोपासारखा लागला.

"शब्दांचे खेळ नको करूस, ताई," मी म्हणालो. "आठवत नाही म्हणजे आठवत नाही. आणि काकांनी आपल्याला सांभाळलं. आई तिकडे शिकत होती तेव्हा दोन पोरं कुणी ठेवून घेतली असती? मला सायकल त्यांनी शिकवली. खांद्यावर बसवून कारखान्याचा भोंगा वाजताना दाखवायला न्यायचे."

"न्यायचे खरे."

"मग?"

"मग काही नाही. ज्यूरीत हेच होतं. आरोपीनं कुणाला तरी सायकल शिकवलेली असतेच."

त्यानंतर आपण भाजणीबद्दल बोललो. दुकानात तू हिंगाची डबी हुंगून परत ठेवलीस, मालकाशी हुज्जत घातलीस, मला जिलबी खायला लावलीस. येताना तू झोपलीस. मी मात्र त्या वाक्यावर रागावून गाडी चालवत होतो. काकांना आरोपी म्हणायचा तुला काय अधिकार, असे मनात घोळवत होतो. तुला काय झाले होते, हे मनात आले नाही.

काकांचे नाव मी इथे लिहिलेले नाही. त्यांना जाऊन वर्षे झाली. त्यांना उत्तर देता येणार नाही, आणि जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्याविषयी जपून बोलावे, हेही मला तूच शिकवलेस. त्यांनी मला जीव लावला, ते खोटे नाही. आपल्यात उपकार हा फार जड शब्द आहे. ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याच्याबद्दल वावगे बोलायचे नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ते अंगातच असते. काका गेले तेव्हा मी इथून व्हिडिओ कॉलच्या पडद्यासमोर बसून त्यांच्याविषयी भरभरून बोललो आणि रडलो. त्या पडद्यावरच्या एका चौकोनात तूही होतीस. तू बोलली नाहीस. मला त्याचा राग आला होता. 'इतकी शिकली, पण माया आटली,' असे मी घरी बोललोही होतो. आज ते वाक्य मला माझ्याच तोंडून पुन्हा ऐकू येते आणि उठून दुसऱ्या खोलीत जावेसे वाटते.

मी तुझ्यावर विश्वास का ठेवला नाही, याचा आता विचार करतो तेव्हा उपकार हे अर्धेच कारण वाटते. उरलेले कारण अधिक लाजिरवाणे आहे. तुझे खरे मानले असते, तर माझा तो सर्वांत आनंदाचा दिवस माझ्या हातून निसटला असता. मी ज्या दाराला देवळाचे दार समजत होतो, ते दुसरेच काही ठरले असते. ती आठवण मला हवी होती. तुझ्यापेक्षाही हवी होती, असे आज म्हणावे लागते.

गेल्या वर्षअखेरीस मला ज्यूरीचे बोलावणे आले. मी काही सबब सांगून सुटायच्या विचारात होतो. तुला फोन केला तर तू उडालीस.

"खबरदार! मी जन्म घालवला ती खोली बघायला, आणि तुला घरपोच आमंत्रण आलंय. जा. तुझ्यासारखी हळू बोलणारी माणसं तिथं कमीच असतात."

"माझी निवड झाली तर."

"होणार. तुझ्याकडे बघून कुणाला नाही म्हणवणार नाही. ज्यूरीमहाशय!"

निवड झाली. खटला कशाचा होता, कोण काय बोलले, निकाल काय लागला, यातले एक अक्षर मी इथे लिहिणार नाही; त्या खोलीतले त्या खोलीतच राहायला हवे. भर न्यायालयात, सगळ्यांसमोर न्यायाधीशांनी आम्हाला जे समजावले त्याचा आशय तेवढा सांगतो. जे घडले असे म्हटले जाते, तेव्हा तुमच्यापैकी कुणीही तिथे नव्हते. आठवणे हे तुमचे काम नाही. तुमचे काम ऐकण्याचे आहे.

हे ऐकून माझ्या शेजारची बाई काहीतरी लिहून घेऊ लागली. मला मात्र एकदम वसाहतीतले ते अंगण दिसले. मी तर तिथे होतो, ताई. दारापासून हातभर अंतरावर बसलो होतो. आणि तिथे होतो म्हणूनच मी तुझे कधी ऐकले नाही. माझ्या आठवणीत कडी बाहेर नसेल तर ती बाहेर नव्हतीच, इतका माझा माझ्यावर विश्वास. सहा वर्षांच्या मुलाने कडी पाहिली नसेल, पाहून कळली नसेल, कळून विसरली असेल. यातले काहीही झाले तरी तू जे सांगितलेस ते त्यामुळे खोटे ठरत नाही. इतकी साधी गोष्ट. अनोळखी माणसांचे ऐकायला मी खुर्चीत सरळ बसलो होतो. सख्ख्या बहिणीचे ऐकताना गाडी चालवत होतो.

खटला संपला त्या दुपारी मी न्यायालयाबाहेर पडलो. वेलिंग्टनचा वारा तू जाणतेस. फोन कानाशी धरवत नव्हता. एका इमारतीच्या आडोशाला उभा राहून मी तुला फोन लावला. मला एवढेच म्हणायचे होते, की मला कडी आठवत नाही, पण तू म्हणतेस ते खरे आहे. वाक्य मी जिना उतरता उतरता जुळवून ठेवले होते.

"ताई, एक सांगायचंय. फार दिवसांपासून सांगायचं होतं, आत्ता त्या—"

"थांब. संपला का खटला?"

"हो, आणि तिथं बसल्यावर मला—"

"एक अक्षर नको, श्री. तिथलं मला काही सांगायचं नाही. कुणालाच नाही."

"तसं नाही ग—"

"अरे, माझा सख्खा भाऊ त्या खोलीत बसून आला आणि मला विचारता येत नाही, ह्याहून मोठी शिक्षा असते का? माझा निग्रह मोडू नकोस. जेवलास?"

"हो."

"काय?"

"सँडविच."

"त्याला जेवण म्हणत नाहीत. जूनमधल्या लाँग वीकेंडला ये इकडे. भरीत करते."

मी म्हणालो, "येतो." तू समजलीस, मी ज्यूरीच्या खोलीतले सांगू पाहतो आहे. मी तुला न्हाणीबद्दल सांगणार होतो. "ताई, ते नव्हे, आपल्याबद्दल आहे," एवढे चार शब्द पुरले असते. ते माझ्या तोंडाशी आले होते. पण तू मला अडवलेस आणि खरे सांगतो, मला बरे वाटले. नियमाचा आडोसा मिळाला, त्यात मी उभा राहिलो. समोरासमोर सांगणेच योग्य, फोनवर असे बोलू नये, भरिताच्या पानावर सांगू, अशी मी स्वतःची समजूत घातली. माणसे आयुष्यभर हळू बोलतात, त्याला लोक नम्रता म्हणतात. माझ्या बाबतीत ती बऱ्याचदा भीती होती.

जून उजाडलाच नाही. तुझ्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी गाडीत पेट्रोल भरत होतो. तू परसात टोमॅटोची रोपे काढत होतीस, डोके दुखते म्हणून पायरीवर बसलीस आणि तिथेच गेलीस. तुला त्रास झाला नाही, असे डॉक्टर म्हणाले. आई ते वाक्य रोज एकदा माझ्याकडून वदवून घेते.

तुला निरोप द्यायला तुझे विद्यार्थी आले होते, जुने आणि नवे. त्यात तुझ्याकडे शिकायला पुण्याहून आलेली दोन मुले होती, आता मोठी झालेली. एक बँकेत आहे, एक घरे रंगवतो. त्या रंगाऱ्याने मला सांगितले, "मॅडमनी मला नापास केलं होतं काका, आणि पुढं तीन महिने रोज जेवायला बोलावलं." तुझी सहकारी मार्गारेट बराच वेळ माझा हात धरून उभी होती. ती म्हणाली, तुझ्याकडून ती नेहमी तुझ्या लहानपणाची एकच गोष्ट ऐकत आली, बंद दाराची. मला वाटले, आता ती मला विचारणार, तू का गप्प होतास. पण ती म्हणाली, "तिचा भाऊ दाराबाहेर बसून राहायचा. त्याला माहीतही नव्हतं आपण काय करतोय. त्याचा आवाज येत होता म्हणून मी त्यातून निभावले, असं ती म्हणायची."

ताई, मी तिथून कसा बाहेर पडलो ते मला सांगता येणार नाही. तू शाळेत गणितात पहिली येणारी मुलगी. तेराच्या पाढ्यात तू कशी काय अडखळायचीस, आणि दर वेळी अडखळायचीस? मी तिथेच आहे की खेळायला निघून गेलो, हे तुला अंधारात कसे कळणार? तू चुकायचीस, मी ओरडायचो, तुला कळायचे. मला वाटायचे, तू मला पाढे शिकवते आहेस. मी साठीकडे झुकलो तेव्हा मला कळले की मी नुसता मुलगा नव्हतो त्या पायरीवर. मी तुला उपयोगी पडत होतो. हे तू मला कधी सांगितले नाहीस. सांगितले असतेस तर मला सगळेच मानावे लागले असते, आणि ते मी आपणहून मानावे यासाठी तू थांबलीस. तुझा नियम मोडून तू मला उत्तर सुचवले असतेस तर काय बिघडले असते, असे रागाने मनात येते. मग वाटते, तुझ्या थांबण्यात माझ्यावरचा विश्वास होता, जो मी तुझ्यावर ठेवला नाही.

मी हे सगळे लिहायला बसलो, त्याला आईची हरकत असेल अशी मला भीती होती. परवा दुपारी ती खिडकीशी उन्हात मटार सोलत बसली होती. आपणच बोलू लागली.

"किती हुशार होती पोर. न्हाणीत बसून तुझ्याकडून पाढे म्हणून घ्यायची. आठवतं ना?"

"आठवतं."

"तुम्हा दोघांचा तो खेळ." मग माझ्याकडे न बघता, "खेळच होता ना रे तो?"

माझ्या तोंडात उत्तर घातलेले होते, ताई. नुसती मान हलवायची होती. आईचे वय, तिचे दुखणे, तिच्या डोळ्यांतली विनवणी, सगळे माझ्या सोयीचे होते.

"नाही, आई," मी म्हणालो. "खेळ नव्हता."

तिचे हात थांबले. बाहेर कुणाचा तरी कचऱ्याचा डबा वाऱ्याने आडवा झाला. ती म्हणाली, "भाऊजी तिला कोंडायचे?"

"हो."

"तू बघितलंस?"

"मी बाहेर बसलेलो असायचो. मला कडी आठवत नाही. ताईनं मला एकदा सांगितलं होतं, ती बाहेरून होती."

"मग तुला कसं माहीत?"

"तिनं सांगितलं म्हणून. मी तिचं खरं मानतो."

"मला का नाही सांगितलं तिनं?" असे आई विचारील, असे मला वाटले होते. त्याचे उत्तर मी तयारही ठेवले होते, की आईचे नर्सिंगचे शिक्षण मोडेल आणि आपल्याला दुसरे घर नाही, हे त्या वयातही तुला कळत होते. पण आईने ते विचारले नाही. बहुधा तिला ते ठाऊक असावे. एक शेंग बोटांत धरून ती म्हणाली,

"तू तिचं खरं मानतोस, हे माहीत होतं का रे तिला?"